गच्ची मालकाची, बिल भाडेकरूचे, ऊन कोणाचे?

सौर पॅनेलमुळे घरमालक-भाडेकरू नात्यात नवा पेच. कायदा ‘ग्राहक’ ओळखतो, अनुदान ‘मालक’ ओळखते

विशेष प्रतिनिधी

नाशिक - मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता जेथे एकत्र येतात, त्या द्वारका परिसराची शहराला ओळख आहे ती वाहतुकीच्या कोंडीमुळे. चौकापासून थोडे आत वळले, की काठे गल्ली, टाकळी रस्ता, वडाळा नाका या भागांत बंगले, जुनी दुमजली घरे, छोट्या अपार्टमेंट आणि खाली दुकान-वर बिऱ्हाड अशी मिश्र वस्ती लागते. नोकरी, शिक्षण किंवा व्यापाराच्या निमित्ताने नाशिकला आलेल्यांना सामावून घेणारी ही वस्ती आहे. अशा घरांच्या गच्चीवर आता पाण्याच्या टाकीशेजारी निळ्या-काळ्या सौर पॅनेलना जागा मिळू लागली आहे. त्यांच्यासोबत एक साधा, पण अवघड प्रश्नही घरात आला आहे. गच्ची मालकाची, वापर भाडेकरूचा आणि वीज उन्हाची. तर वाचलेले पैसे कोणाचे?

हा प्रश्न वरवर दोन कुटुंबांतील हिशेबाचा वाटतो. प्रत्यक्षात तो धोरणाचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील शहरी कुटुंबांपैकी सुमारे २७ टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. म्हणजे चारांतील एका शहरी कुटुंबाकडे स्वतःची गच्चीच नाही. छतावरील सौर ऊर्जेची सारी सवलत छताच्या मालकीशी बांधली गेली, तर हे कुटुंब कायमचे बाहेर राहते. आणि ज्या मालकाने घर भाड्याने दिले आहे, त्याला पॅनेल बसविण्यात स्वारस्य उरत नाही.

योजना कोणासाठी?

केंद्र सरकारने १३ फेब्रुवारी २०२४ रोजी ‘पीएम सूर्यघर : मोफत वीज योजना’ सुरू केली. त्याच महिन्याच्या अखेरीस मंत्रिमंडळाने तिला मंजुरी देताना ७५ हजार २१ कोटी रुपयांची तरतूद केली आणि २०२६-२७ पर्यंत एक कोटी घरांचे उद्दिष्ट ठेवले. मार्च २०२५ मध्ये योजनेने दहा लाख घरांचा टप्पा ओलांडला. त्यावेळी गुजरात पहिल्या, तर महाराष्ट्र दुसऱ्या क्रमांकावर होता.

अनुदानाची रचना सोपी आहे. पहिल्या दोन किलोवॉटपर्यंत प्रत्येक किलोवॉटला ३० हजार रुपये, तिसऱ्या किलोवॉटला १८ हजार रुपये आणि त्यापुढे कितीही क्षमता वाढविली, तरी एकूण मर्यादा ७८ हजार रुपये. हे अनुदान ठरविताना दोन किलोवॉटपर्यंत प्रति किलोवॉट ५० हजार आणि पुढच्या किलोवॉटला ४५ हजार रुपये हा पायाभूत खर्च धरण्यात आला. बाजारातील भाव पॅनेलच्या प्रकारानुसार आणि सांगाड्याच्या उंचीनुसार त्याहून अधिक असू शकतो. सौर उपकरणांवरील वस्तू व सेवा कर सप्टेंबर २०२५ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आल्याने हा भार थोडा हलका झाला.

पात्रतेच्या अटींत मात्र मेख आहे. अर्जदाराकडे छत असलेले स्वतःचे घर हवे, वैध वीजजोडणी हवी आणि त्या कुटुंबाने सौर पॅनेलसाठी यापूर्वी दुसरे अनुदान घेतलेले नसावे. पहिली अट भाडेकरूला वगळते. तिसरी अट अशा घरमालकाला विचारात पाडते, ज्याने स्वतःच्या राहत्या घरावर अनुदानातून पॅनेल बसविले आहेत आणि आता भाड्याने दिलेल्या दुसऱ्या घराचा विचार करतो आहे. दुकाने आणि कार्यालये तर या योजनेत येतच नाहीत. द्वारका परिसरातील खाली दुकान-वर घर अशा इमारतीत एकाच गच्चीखाली तीन वेगवेगळे न्याय लागू होतात, ते असे.

ग्राहक कोण, मालक कोण?

वीजविषयक कायद्याची दृष्टी याहून वेगळी आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ४३ नुसार जागेचा मालक किंवा ताबेदार, दोघांपैकी कोणीही जोडणी मागू शकतो आणि ती देणे वितरण कंपनीवर बंधनकारक आहे. मालकाने ना हरकत दाखला दिला नाही, एवढ्या कारणावरून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका प्रकरणात २०२२ मध्ये स्पष्ट केले. अर्जदार त्या जागेत राहतो की नाही, एवढेच कंपनीने पाहायचे आहे.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगानेही नेट मीटरिंगसाठी २०१५ मध्ये नियम केले, तेव्हा ‘पात्र ग्राहक’ हाच शब्द केंद्रस्थानी ठेवला. संयंत्र ग्राहकाच्या मालकीचे असू शकते किंवा तिसऱ्या व्यक्तीने त्याला भाडेपट्ट्याने दिलेले असू शकते, ही मुभा त्या नियमांत होती. त्यानंतर आयोगाने २०१९ मध्ये छतावरील नवीकरणीय ऊर्जेसाठी नवे नियम आणले. थोडक्यात, वीज नियमांच्या लेखी मीटर ज्याच्या नावावर तो महत्त्वाचा. अनुदानाच्या लेखी घर ज्याच्या नावावर तो महत्त्वाचा. घर आणि मीटर एकाच्याच नावावर असेल आणि तोच तेथे राहत असेल, तर दोन्ही नियम गुण्यागोविंदाने नांदतात. भाड्याच्या घरात त्यांची फारकत होते.

नाशिकमध्ये, किंबहुना राज्यातील बहुतेक शहरांत, लिव्ह अँड लायसन्स तत्त्वावरील घरात मीटर मालकाच्या नावावरच राहते आणि बिल भाडेकरू भरतो. त्यामुळे पॅनेल बसविण्याचा खर्च मालकाच्या खिशातून जातो, तर महावितरणचे बिल कमी होण्याचा लाभ थेट भाडेकरूच्या पदरात पडतो. मालकाने भाडे वाढविले नाही तर त्याची गुंतवणूक बुडाली. भरमसाट वाढविले तर भाडेकरूला सौर वीज असूनही काहीच मिळाले नाही. खर्च एकाचा आणि बचत दुसऱ्याची, या कोड्यातच भाड्याच्या घरांवरील सौर ऊर्जा अडकली आहे.

आकड्यांचा आरसा

उदाहरणादाखल एक हिशेब मांडता येईल. एक किलोवॉटच्या संयंत्रातून महिन्याला सरासरी १२० युनिट वीज मिळते आणि त्यासाठी सुमारे १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली गच्ची लागते. समजा, एका कुटुंबाला भाड्याने दिलेल्या घरावर दोन किलोवॉटचे संयंत्र बसविले. पायाभूत खर्च एक लाख, अनुदान ६० हजार. मालकाचे निव्वळ ४० हजार रुपये गुंतले. महिन्याला २४० युनिट निर्माण झाले आणि घराचा वापरही तेवढाच आहे. सोयीसाठी युनिटमागे सर्व आकारांसह आठ रुपये वाचले असे धरले, तर दरमहा १ हजार ९२० रुपयांची बचत होते.

मालकाने भाड्यात एक हजार रुपयांची वाढ केली, तर त्याची गुंतवणूक ४० महिन्यांत वसूल होते आणि भाडेकरूच्या हाती दरमहा ९२० रुपये उरतात. पॅनेलचे आयुष्य साधारण २५ वर्षे मानले जाते. त्यामुळे पुढची दोन दशके मालकासाठी जवळजवळ निव्वळ लाभाची ठरतात. दोघांचेही भले होईल असा हा तोडगा कागदावर तरी शक्य आहे.

आता हाच खर्च भाडेकरूने करायचा ठरविला तर? त्याला अनुदान नाही, म्हणजे पूर्ण एक लाख रुपये घालावे लागतील. नाशिकमधील प्रचलित करार अकरा महिन्यांचा. त्या काळात त्याची बचत होईल सुमारे २१ हजार रुपये. घर सोडताना पॅनेल उतरवून नेणे म्हणजे सांगाडा, वायरिंग आणि नेट मीटर यांचा नव्याने खर्च. त्यामुळे भाडेकरूने गुंतवणूक करावी, ही अपेक्षाच व्यवहाराला धरून नाही.

वीजवापर कमी असलेल्या कुटुंबाचे गणित आणखी वेगळे आहे. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत. पहिल्या शंभर युनिटचा दर सर्वांत कमी आणि तीनशे युनिटनंतर तो झपाट्याने वाढत जातो. एका खोलीत राहणाऱ्या, महिन्याला ७०-८० युनिट वापरणाऱ्या भाडेकरूची सौर विजेमुळे होणारी बचत म्हणूनच तुलनेने किरकोळ असते. त्याच्याकडून भाडेवाढीच्या रूपाने सौर संयंत्राचा खर्च वसूल केला गेला, तर त्याचे नुकसानच होईल. महिन्याला शंभर युनिटपेक्षा कमी वापर असलेल्या ग्राहकांसाठी राज्य सरकारने २०२५ मध्ये ‘स्मार्ट’ या नावाने अतिरिक्त अनुदानाची योजना आणली. मात्र तिचाही आधार केंद्राचीच योजना असल्याने भाड्याच्या खोलीतील ग्राहकाचा प्रश्न तेथेही सुटत नाही.

सबमीटरचा सापळा

खरा वाद उद्भवतो तो एकाच इमारतीत मालक आणि दोन-तीन भाडेकरू राहतात तेथे. प्रत्येकाची जोडणी स्वतंत्र असेल, तर सौर संयंत्र कोणत्या तरी एकाच ग्राहक क्रमांकाला जोडले जाते. साहजिकच तो मालकाचा असतो. तीन किलोवॉटच्या संयंत्रातून ३६० युनिट तयार झाले आणि मालकाचा वापर १५० युनिटच असला, तर उरलेले २१० युनिट पुढच्या महिन्याच्या खात्यात जमा होतात. आर्थिक वर्ष संपताना शिल्लक राहिलेल्या युनिटचा मोबदला आयोगाने ठरविलेल्या दराने मिळतो. तो ग्राहकाच्या वीजदरापेक्षा बराच कमी असतो. वरच्या मजल्यावरील भाडेकरू मात्र त्याच महिन्यात पूर्ण दराने वीज विकत घेत असतो. ज्या गच्चीखाली तो झोपतो, त्या गच्चीवरची वीज त्याच्या डोक्यावरून जाळ्यात जाते आणि तीच वीज त्याला महाग दराने परत मिळते.

यातून वाट काढण्यासाठी साऱ्या इमारतीची एकच जोडणी ठेवून आत सबमीटर लावण्याचा मोह होतो. सबमीटरची पद्धत जुन्या वाड्यांत आणि खोल्या भाड्याने देणाऱ्या घरांत नवी नाही. तीन बिऱ्हाडांचा प्रत्येकी १२० युनिटचा वापर एका मीटरवर आला, की एकूण ३६० युनिट होतात आणि वरच्या टप्प्याचा दर लागतो. सौर संयंत्र हा वापर जवळजवळ शून्यावर आणते. मग महावितरणच्या बिलात स्थिर आकार आणि त्यावरील शुल्क एवढेच उरते. अशा वेळी मालकाने भाडेकरूंकडून सबमीटरप्रमाणे जुन्याच दराने पैसे घ्यावेत काय?

कायद्याचे उत्तर येथे धूसर होते. वीज कायद्याच्या कलम १२ नुसार परवान्याशिवाय विजेचे वितरण किंवा व्यापार करता येत नाही. आलेल्या बिलाची वापरानुसार वाटणी करणे निराळे आणि बिलापेक्षा अधिक रक्कम युनिटच्या भावाने वसूल करणे निराळे. बिल शून्याजवळ आले असताना युनिटमागे आठ-दहा रुपये आकारणे हे खर्चाच्या वाटणीत बसविणे कठीण आहे. त्याच कायद्यातील कलम १२६ मंजूर नसलेल्या जागेसाठी किंवा मंजूर नसलेल्या कारणासाठी वापरलेली वीज अनधिकृत ठरविते. घरगुती मीटरवरून तळमजल्यावरील दुकानाला वायर दिली, तर सौर वीज स्वतःची असल्याचा बचाव टिकण्याची शक्यता कमी आहे.

मालकाची बाजूही दुर्लक्षिण्यासारखी नाही. पॅनेलवरील धूळ पुसणे, इन्व्हर्टर बिघडल्यास दुरुस्ती करणे, कर्ज काढले असल्यास हप्ता भरणे हे सारे त्याच्या माथी आहे. ‘वीजबिलासह भाडे’ असा करार असेल, तर वीज फुकटच आहे या समजुतीने वापर वाढतो आणि वाचलेले युनिट वातानुकूलन यंत्रात जिरतात. म्हणून संयंत्राच्या खर्चापोटी त्याला काही परतावा मिळाला पाहिजे, यात अन्याय नाही. हा परतावा भाड्यात मिळवायचा, की युनिटच्या भावात, एवढाच मुद्दा आहे. कायद्याच्या दृष्टीने भाड्याचा मार्ग अधिक सुरक्षित आहे.

मध्येच घर सोडले तर?

नेट मीटरिंगचा हिशेब एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षाचा आहे. भाडेकराराचा हिशेब कोणत्याही महिन्यात सुरू होतो आणि कोणत्याही महिन्यात संपतो. नाशिकमध्ये मार्च ते मे या काळात सौर निर्मिती भरपूर होते, तर पावसाळ्यात ती घटते. उन्हाळ्यात वापरापेक्षा अधिक निर्मिती होऊन खात्यात युनिट जमा झाले आणि भाडेकरूने जूनच्या पहिल्या आठवड्यात घर सोडले, तर त्या युनिटचा लाभ नव्या भाडेकरूला मिळतो. कारण जमा युनिट ग्राहक क्रमांकाशी बांधलेले असतात, माणसाशी नाही. उलट बाजूने, पावसाळ्याच्या तोंडावर रिकाम्या खात्यासह आलेल्या भाडेकरूला ‘सौर घर’ म्हणून जादा भाडे देऊनही पहिले चार महिने मोठी बिले येऊ शकतात. अनामत रक्कम परत करताना जसा रंगकामाचा आणि थकीत बिलाचा हिशेब होतो, तसाच आता जमा युनिटचाही व्हावा लागेल.

अपार्टमेंटमध्ये प्रश्नाचे स्वरूप बदलते. तेथे गच्ची सामाईक असल्याने एकट्या सदनिकाधारकाला सोसायटीच्या संमतीशिवाय पॅनेल बसविता येत नाहीत. बहुतेक सोसायट्या म्हणूनच लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातील दिवे यांच्यासाठी एकत्रित संयंत्र बसविणे पसंत करतात. केंद्राच्या योजनेत अशा सामाईक वापरासाठी प्रति किलोवॉट १८ हजार रुपये अनुदान आहे. त्यातून सोसायटीचा खर्च आणि पर्यायाने मेंटेनन्स कमी होतो. परंतु मेंटेनन्स भरतो तो सदनिकेचा मालक. भाडेकरूच्या घरातील मीटर पूर्वीइतकेच पळत राहते.

भाडे कायद्यात काय आहे?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू झाला तेव्हा घराच्या छतावर वीज तयार होईल, ही कल्पना कायदा करणाऱ्यांसमोर नव्हती. तरीही त्यातील दोन तरतुदी येथे उपयोगी पडतात. कलम २९ नुसार वीज ही अत्यावश्यक सेवा असून, पुरेशा कारणाशिवाय ती तोडण्यास मालकाला मनाई आहे. सौर विजेच्या पैशांवरून वाद झाला म्हणून मुख्य बटण बंद करणे त्यामुळे मालकाच्याच अंगाशी येऊ शकते. कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. करार नोंदलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. सौर विजेचा व्यवहार तोंडी ठेवण्यात सर्वाधिक धोका म्हणूनच मालकाला आहे.

इतरत्र काय केले?

हा पेच फक्त आपल्याकडचा नाही. जर्मनीत निम्म्याहून अधिक लोक भाड्याच्या घरात राहतात. तेथे २०१७ मध्ये ‘भाडेकरू वीज’ कायदा झाला. गच्चीवरील वीज मालक भाडेकरूला विकू शकतो, पण तिचा दर त्या भागातील मूळ पुरवठा दराच्या ९० टक्क्यांहून अधिक ठेवता येत नाही आणि ती घेण्याची सक्तीही करता येत नाही. २०२४ मध्ये त्या देशाने सज्जाला लावायच्या छोट्या पॅनेलसाठी मालकाची संमती मागण्याचा हक्कही भाडेकरूंना दिला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अल्प उत्पन्न गटाच्या भाड्याच्या इमारतींसाठी अनुदान देताना निम्म्याहून अधिक, म्हणजे किमान ५१ टक्के वीज भाडेकरूंच्याच बिलात वळती झाली पाहिजे, अशी अट घालण्यात आली.

भारतातही मार्ग अगदीच बंद नाही. दिल्लीत २०१९ पासून ‘व्हर्च्युअल नेट मीटरिंग’ची तरतूद आहे. त्यात एकाच संयंत्रातील वीज अनेक ग्राहकांच्या बिलांत ठरलेल्या प्रमाणात वळती करता येते. केंद्राच्या सूर्यघर योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनीही ही पद्धत मान्य केली आहे. द्वारका परिसरातील तीन बिऱ्हाडांच्या घरात ती सुलभपणे राबविता आली, तर सबमीटरची गरज उरणार नाही. तिघांचे मीटर स्वतंत्र, बिले स्वतंत्र आणि गच्चीवरच्या युनिटची वाटणी महावितरणच्या संगणकात, असे चित्र शक्य आहे.

करारात एक कलम हवे

ही व्यवस्था सर्वदूर रुळेपर्यंत वाद टाळण्याचा भरवशाचा मार्ग करारातूनच जातो. नेट मीटर कोणाच्या नावावर आहे, सौर संयंत्रापोटी भाड्यात किती रक्कम धरली आहे, महावितरणचे बिल कोण भरणार, घर घेताना आणि सोडताना जमा युनिट किती होते, पॅनेलची सफाई आणि दुरुस्ती कोणाकडे, तसेच त्यासाठी गच्चीवर कोणी केव्हा जायचे, या सहा गोष्टी लेखी असल्या तरी बहुतांश भांडणे उंबरठ्यावरच थांबतील. भाडेकरूने ‘सौर घर’ म्हणून जादा भाडे मान्य करण्यापूर्वी मागील बारा महिन्यांची बिले पाहावीत. एका उन्हाळी बिलावरून वर्षाचा अंदाज बांधणे फसवे ठरते.

२०२६-२७ च्या सिंहस्थामुळे तपोवनालगतच्या द्वारका परिसरात अल्पमुदतीच्या भाड्याला मागणी वाढण्याची चिन्हे आहेत. अशा धावपळीच्या व्यवहारांत विजेचा मुद्दा ‘नंतर बघू’ म्हणून सोडला जातो. राज्यात लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी ऑनलाइन होते आणि तिचा मसुदाही ठरलेला असतो. नोंदणी विभागाने त्या मसुद्यात सौर विजेसाठी चार ओळींचे एक कलम घातले, तर त्याला नव्या कायद्याची गरज नाही आणि सरकारी तिजोरीवर भारही नाही. एक कोटी घरांचे उद्दिष्ट गाठायचे असेल, तर त्या घरांत मालक राहतो की भाडेकरू, हा प्रश्न धोरणकर्त्यांना फार काळ टाळता येणार नाही.